गुरुवारी बिघडणारा माग

वडगावात विणकरांच्या गल्लीत कुणी कुणाशी हळू बोलत नाही. बोलून उपयोगच नसतो. सकाळी माग सुरू झाले की घरोघरच्या भिंती थरथरायला लागतात, आणि मग भांडण असो, लाडीगोडी असो की देवाचं नाव असो, सगळं एकाच पट्टीत, घसा ताणून. त्यामुळं इंदुताईचा आवाज मोठा आहे हे त्या गल्लीत कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. लक्षात यायचं ते खडेबाजारात गेल्यावर. दुकानात ‘जरा हलक्या रंगाचं दाखवा की’ एवढंच ती म्हणायची, पण शेजारच्या दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायची. तिची मुलगी आरोही तेव्हा चार पावलं पुढं निघून जायची, जशी काही ओळखच नाही.

इंदुताई मूळची शहापूरची. लग्न होऊन वडगावला आली, म्हणजे एका खटखटीतून उठून दुसऱ्या खटखटीत येऊन बसली. घरात दोन पॉवरलूम. एकावर नवरा शामू, दुसऱ्यावर ती. दिवसभर शेजारी शेजारी उभं राहायचं, पण बोलणं ऐकू येणार नाही. मग सगळा संसार हातवाऱ्यांवर. अंगठा ओठाला लावला की चहा. पोटावर हात ठेवला की जेवण. कपाळाला हात लावला की शेट आलाय, साड्या मागतोय. पंचवीस वर्षं दोघांनी अशी न बोलता काढली, आणि एवढं सुखाचं जोडपं गल्लीत दुसरं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी शामूनं माग बंद केला, भिंतीला टेकून बसला आणि उठलाच नाही. डॉक्टरांनी हृदयाचं नाव सांगितलं. इंदुताईला इतकंच आठवत होतं की त्यानं बसताना तिच्याकडं बघून अंगठा ओठाला लावला होता, आणि ती चहा ठेवायला आत गेली होती.

पुढं तिचा माग आठवड्याभरात सुरू झाला, कारण पोट कुणासाठी थांबत नाही. शामूचा माग मात्र तसाच राहिला. त्यावर हिरवी साडी अर्धी विणून झालेली होती. ती इंदुताईनं कापून काढली नाही आणि पुरीही केली नाही. रोज त्यावरची धूळ फक्त पुसायची. आरोहीला त्याच सुमारास हुबळीत बँकेत नोकरी लागली. ती शनिवारी यायची, सोमवारी पहाटे जायची. उरल्या दोघी, इंदुताई आणि तिची सासू मालुबाई.

मालुबाईला दुपारी दोन माग चालू असल्याशिवाय झोप लागत नसे. एकाच मागाचा आवाज तिला सहन होईना. “घर लंगडतंय गं इंदू,” ती म्हणायची. “एक पाय टाकतंय, दुसरा टाकतच न्हाय.” वर्ष झालं, दीड वर्ष झालं, सून काही ऐकेना. शेवटी म्हातारीनंच कुणाकडून तरी निरोप पाठवून जॉबर बोलावला. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. तो जोतिराम.

जोतिराम निपाणीकडच्या बोरगावचा. तिथं मागांच्या एका शेडमध्ये त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. बायको वारली, मुलगा इचलकरंजीला बायकोपोरांत रमला, तेव्हा यानं वडगावात भाड्यानं खोली घेतली आणि पिशवीत पाने-पकडी घेऊन दारोदार माग दुरुस्त करू लागला. उंच, काटकुळा माणूस. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. बोलणं इतकं कमी की मालुबाईला पहिले दोन दिवस तो मुका वाटला.

शामूच्या मागाभोवती त्यानं एक चक्कर मारली. मग विचारलं, “ही साडी कापू काय वो?”

इंदुताईनं तोंड फिरवलं.

जोतिरामनं पुन्हा विचारलं नाही. साडी कापून टाकली असती तर काम तासाभराचं होतं. तो खाली शिरला, आडवा झाला, आणि एकही धागा न तोडता संध्याकाळपर्यंत त्यानं तो माग चालता केला. दुसऱ्या दिवशी इंदुताईनं ती साडी पुरी केली. अर्धी शामूच्या हातची, अर्धी तिच्या. वीण कुठं बदलली ते बघणाऱ्याला बरोब्बर कळतं. ती साडी तिनं विकली नाही, ट्रंकेत ठेवली.

आणि त्यानंतर तो माग दर गुरुवारी बिघडायला लागला.

गुरुवारीच का, तर जोतिरामची त्या गल्लीतली फेरी गुरुवारची. कधी आडवा धागा नेणारा धोटा अडकायचा, कधी पट्टा घसरायचा, कधी नुसताच कुठूनतरी करकर आवाज यायचा. जोतिराम यायचा, एखादा नट आवळायचा, उप्पीट खायचा, जायचा. जाताना तो नट पुरता आवळलेला नसे. आणि बुधवारी संध्याकाळी इंदुताई आजूबाजूला कुणी नाही बघून दुसरा एखादा नट थोडा सैल करून ठेवी. दोघांनाही एकमेकांचं माहीत नव्हतं. मालुबाईला दोघांचंही माहीत होतं.

“माझ्या शामूच्या हातात ह्यो माग वर्षाला एकदा बिघडायचा,” ती भिंतीकडं बघत म्हणायची. “आता लाडावलेल्या पोरागत दर आठवड्याला आजारी पडतोय. हवा बदलली असंल.”

“जुना झालाय आत्ती.”

“व्हय व्हय. आज गुरुवार न्हवं काय गं?”

“कशावरनं?”

“उप्पीटात काजू लागला दाताला.”

इंदुताईनं त्या आठवड्यापासून काजू बारीक करून घालायला सुरुवात केली.

पन्नाशीला आलेल्या बाईच्या मनात असल्या वेळी काय काय चालतं ते तिचं तिलाच माहीत. गुरुवारी तिला बरं वाटायचं आणि बरं वाटल्याचं शुक्रवारी वाईट वाटायचं. शामूच्या फोटोपुढं उदबत्ती लावताना ती नजर खाली ठेवायची. पण खरी भीती फोटोची नव्हती. भीती आरोहीची होती. पोरगी सव्वीस वर्षांची झाली होती, स्थळं बघायला सुरुवात झाली होती. उद्या कुणी म्हणालं, आईच जर या वयात... तर? या ‘तर’च्या पुढं इंदुताईचा विचार कधी गेला नाही. दर वेळी तिथंच धागा तुटायचा.

जोतिरामलाही आपलं घोडं पुढं दामटायला वर्ष लागलं. एवढ्या काळात त्याला एक गोष्ट कळून चुकली होती. शांत जागी आपल्याच्यानं हे बोलवणार नाही. मागांच्या गदारोळातच बोलायचं, म्हणजे तिच्याशिवाय कुणाला ऐकू जायचं नाही आणि ती नको म्हणाली तर ऐकलंच नाही असं दाखवता येईल. हिशेब पक्का होता. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी त्यानं माग सुरू केला, दोन्ही धडाधड चालू लागले, गल्लीभर तर चालूच होते. तो इंदुताईजवळ गेला, तिच्या कानापाशी वाकला आणि छातीतलं सगळं बळ एकवटून ओरडला,

“इंदुताई, रागवू नका! मी एकटा! तुम्हीबी एकट्याच!”

आणि लाईट गेली.

गल्लीतले सगळे माग एका क्षणात थांबले. अशी शांतता वडगावात फक्त लाईट जाण्यानंच येते. पण जोतिरामचं वाक्य सुटलेलं होतं, ते कुठलं थांबतंय.

“आपण लगीन करूया काय?”

समोरच्या घरात अक्काताई चहा गाळत होती. तिचा चहा गाळणीऐवजी थेट ओट्यावर गेला. पलीकडं कुणीतरी रेडिओ लावायला गेलेला हात मागं घेतला. गल्लीच्या टोकापर्यंत माणसं श्वास रोखून उभी.

इंदुताई इतकी दचकली की तोंडातून निघालं ते आपोआप निघालं, आणि आयुष्यभराच्या सवयीनं पूर्ण आवाजात निघालं.

“न्हाय!”

जोतिरामनं खाली बघितलं. “बरं,” म्हणाला. पाने एकेक करून पिशवीत भरले, चप्पल घातली आणि गल्लीतून चालत गेला. दोन्ही बाजूंच्या दारांतून माणसं बघत होती. त्याच्या पाठीवर घामाचा मोठा डाग होता. इंदुताईला तो वळणापर्यंत दिसला.

थोड्या वेळानं लाईट आली. कुणीच लगेच माग सुरू केला नाही.

अक्काताई पदराला हात पुसत आलीच. “बाई बाई बाई! ताई म्हणाला आन लगीन विचारलं! इचारताना तरी ताई सोडायचं न्हवं?”

“अक्काताई, चहा सांडलाय तुझा. जा, पूस जा.”

“पुसलाय. तू न्हाय का म्हणालीस गं?”

रात्री पडल्या पडल्या इंदुताईला याची दहा उत्तरं सुचली. सगळ्यांत शेवटी व्हय होतं.

पुढच्या गुरुवारी जोतिराम आला नाही. आणि नेमका तेव्हाच शामूचा माग खरोखर मोडला, कुणी नट सैल न करता. इंदुताईनं दुसरा जॉबर बोलावला नाही. घर पुन्हा लंगडायला लागलं.

लाईट गेली त्याच आठवड्यात, शनिवारी आरोही आली होती ती तोंड घट्ट मिटून. गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून तिला हुबळीत सगळं कळलेलं होतं, वर हसरे चेहरेसुद्धा मिळालेले होते. पिशवी ठेवली, हातपाय धुतले, आणि म्हणाली, “बाबांच्या मागापाशी? दुसरी जागा नाही मिळाली त्यांना?”

“आरोही, मी नको म्हणाले गं.”

“ते बी वाचलं. तू त्यांना काजू घालून उप्पीट करत होतीस हे पण वाचलं.”

इंदुताईनं सासूकडं बघितलं. मालुबाईनं तपकिरीची डबी उघडून त्यात काहीतरी फार महत्त्वाचं शोधायला घेतलं.

त्या दोन दिवसांत आरोही आईशी कामापुरतं बोलली. जाताना फक्त सांगितलं, “पुढच्या रविवारी बोरगावची माणसं येतायत. निदान तोपर्यंत गल्लीत काही नवीन नको.”

बोरगावचं स्थळ चांगलं होतं. मुलगा युवराज कारखान्यांच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत इंजिनियर. त्याचे वडील मारुतीराव यांची बोरगावात मागांची शेड. आता विणकर विणकराच्या घरी मुलगी बघायला येतो तेव्हा एक गोष्ट कुणी तोंडानं विचारत नाही, पण कान देऊन ऐकतो. माग चालू आहेत का? पाहुणे गल्लीत शिरतात तेव्हा आतून खटखट ऐकू आली पाहिजे. ते आले की मग मानानं माग बंद करायचे. माग मुकाट असलेल्या घरातली सोयरीक म्हणजे विझलेल्या चुलीपुढं जेवायला बसल्यासारखी.

शामूचा माग तर मोडून पडलेला. इंदुताई म्हणाली, एका मागावर भागवू. रविवारी सकाळी सून अंघोळीला गेलेली बघून मालुबाईनं फोन लावला.

इंदुताई केस पुसत बाहेर आली तर मागाच्या खोलीत शामूच्या मागाखालून दोन लांब पाय बाहेर आलेले.

“आत्ती!”

“ओरडू नकोस. पोरीच्या सोयरिकीला माग पाहिजे. मी जॉबरला बोलावलंय, जावयाला न्हाय.”

मागाखालचे पाय जरा आखडले. दहा दिवस ज्याच्याशी मनातल्या मनात वाद घातला तो माणूस चार हातांवर आडवा पडलेला होता आणि इंदुताईला त्याला पाणी हवं का एवढंही विचारता येईना.

पाहुणे अकराला येणार होते. नवा हायवे झालाय ना, ते सव्वादहालाच दारात गाडी लावून उभे. “आले, आले!” म्हणत आरोही धावली. मालुबाईनं मागाच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून पाटावर बसली. आतला माणूस आतच राहिला.

मारुतीराव, त्यांची बायको आणि युवराज. पोहे आले, पाणी आलं. आरोही समोर बसली. युवराजनं तिला बँकेत कुठल्या विभागात आहात विचारलं, तिनं त्याला फौंड्रीत उकडत नाही का विचारलं, दोघंही जरा हसले. इंदुताईचा जीव भांड्यात पडायला लागला होता तेवढ्यात मारुतीरावांनी पोह्याची प्लेट खाली ठेवली आणि ते मालुबाईकडं वळले.

“आक्का, एक विचारतो, मनात ठेवू नये म्हणून. आमच्या गावचा जोत्या जॉबर हिकडं असतोय म्हणं.”

“असतोय,” मालुबाई म्हणाली.

“त्यानं कायतरी येडेपणा केला असं कानावर आलं. तुमच्या सूनबाईंनी नको म्हटलं, लई चांगलं केलं. तेवढं मिटलंय ना, एवढंच तुमच्या तोंडनं ऐकायचंय. न्हाईतर बघा, ज्या माणसाला मी माझ्या शेडात चहा आणायला पाठवत होतो, त्याला उद्या मांडवात व्याही म्हणून शाल पांघरायची, फेटा बांधायचा... गाव हसंल की मला.”

सगळ्यांनी इंदुताईकडं बघितलं. फार सोपं होतं. ‘मिटलंय’ एवढा एक शब्द. पोरीचं चांगलं घर, चांगला मुलगा. तिनं तोंड उघडलं. पण तो शब्द खोटा होता, आणि दाराच्या पलीकडं एक माणूस श्वाससुद्धा न घेता तो ऐकायला थांबला होता.

तिनं आरोहीकडं बघितलं. मला माफ कर गं, असं काहीतरी त्या बघण्यात होतं.

“न्हाय मारुतीराव,” ती म्हणाली. “मिटलेलं न्हाय. मी दचकून नको म्हणाले. मला ते मिटवायचं न्हाय.”

तिच्या आयुष्यात पहिल्यांदा ती इतक्या हळू बोलली होती.

मारुतीराव उठले. “मग झालंच की. पन्नाशीतल्या बाईनं हे असलं... पोरीच्या मनाचा तरी विचार करायचा.”

“एक मिनिट,” आरोही म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “पोरीच्या मनाचं पोरगी बघेल. माझा राग आहे आईवर. आठवडाभर धड बोलले नाही मी तिच्याशी. पण तो माझा राग आहे, घरातला आहे. तुम्ही पोहे खायला आलाय, तुम्ही कशाला रागवताय?”

“बाबा, बसा की,” युवराज हळूच म्हणाला. त्याच्या आईनं नवऱ्याचा सदरा मागून ओढला. मारुतीरावांचा एक पाय चपलेत होता आणि दुसरा चपलेला सापडत नव्हता.

“बसा,” मालुबाई म्हणाली. “आलायसा तर साक्षीला थांबा. गावाकडं जाऊन सांगायचंच हाय तर पुरतं बघून सांगा.” आणि ती पाटावरून उठून बाजूला झाली. “इंदू, उघड ते दार.”

इंदुताईनं दार उघडलं. जोतिराम मागाला धरून उभा होता. कोपरापर्यंत काळं ग्रीस, गालावर त्याचाच पट्टा, चष्मा कपाळावर. मारुतीरावांना बघून त्यानं सवयीनं नमस्कार केला. “मालक, बरं हाय न्हवं?”

मारुतीरावांनीही सवयीनं मान हलवली आणि मग आपण रागावलोय हे आठवून तोंड फुगवून ते खाली बसले.

“ऐकलं सगळं?” इंदुताईनं विचारलं.

“व्हय.”

“मग आता विचारा परत.”

जोतिरामनं सगळ्यांकडं बघितलं. “एवढ्या माणसांफुडं?”

“गेल्या वेळी अख्ख्या गल्लीफुडं इचारलंस की रं,” मालुबाई म्हणाली. “ही तर चारच हायती.”

“आन ताई सोडून इचारा!” खिडकीतून अक्काताईचा आवाज आला. ती तिथं केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक.

जोतिरामनं चष्मा खाली ओढला. काचेला ग्रीस लागलं, त्यामुळं त्याला तसंही कुणी नीट दिसत नसावं, आणि ते त्याच्या पथ्यावरच पडलं. “इंदू,” तो म्हणाला, आणि तिथंच अडला. मग एका दमात म्हणाला, “करूया काय?”

“करूया.”

एवढंच. पण मालुबाई लगेच पुढं सरसावली. “माझं ऐका आधी. माझा ल्योक गेला, सून मी कुठं पाठवणार न्हाय. बोरगाव न्हाय, भाड्याची खोली न्हाय. तू हितं यायचं. आन मी मेल्याबिगर माझी खाट हलणार न्हाय.”

“तुमची खाट कशाला हलवू आक्का? मी कुठंबी पडीन.”

“कुठंबी कशाला पडतोस, माणसासारखा झोप.”

युवराजला हसू आवरेना. त्याच्या आईनं तोंडाला पदर लावला. मारुतीराव पोह्याच्या प्लेटकडं बघत बसले. “शालीचं बघू,” ते कुणालाही उद्देशून न म्हणता पुटपुटले, “फेटा मात्र मी बांधणार न्हाय.” म्हणजे सोयरीक मोडली की राहिली ते त्या क्षणी कुणालाच कळलं नाही. युवराजला कळलं असावं, कारण त्यानं आरोहीकडं बघून आणखी पोहे मागितले.

आरोहीनं ते वाढले. मग दुसरी प्लेट भरली आणि मागाच्या खोलीच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. जोतिराम अवघडून जागीच थांबला.

“मी तुम्हाला बाबा म्हणणार नाही,” ती म्हणाली.

“नगंच. काका म्हण.”

“ते पण लगेच नाही. बघू.”

“बघू,” जोतिराम म्हणाला.

तो प्लेट घ्यायला पुढं झाला तशी तिनं ती मागं घेतली. “असल्या हातानं? इकडं या.” तिनं प्लेट आईच्या हातात दिली, त्याला मागच्या अंगणात नेलं, साबण दिला आणि स्वतः तांब्या घेऊन उभी राहिली. इंदुताई प्लेट धरून दारातून बघत होती. पाणी पोरगी जरा जास्तच जोरात ओतत होती, जोतिरामचा सदरा भिजत होता, पण ओतत होती.